शाळेचा माठ

"आमच्या नातवाचं नंतर पाहू. पयले तुझं सांग," सुपातले खडे निवडता निवडता कुंदाबाई म्हणाल्या. "तुझा भाचा कोणत्या शाळेत जाऊन राहिला?"

अल्कानं हातातलं प्रवेशाचं रजिस्टर मिटलं. उत्तर अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सुट्टी लागेपर्यंत रोज सकाळी कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन चौकात हॉर्न वाजवायची आणि तिच्या भावाचा के.जी.तला बंटी टाय लावून तीत बसायचा.

भर उन्हात ती दारोदार फिरत होती. गावच्या शाळेचा पट इतका उतरला होता की शिक्षण खात्याच्या साहेबांनी सांगूनच टाकलं, पहिलीत आणखी एक लेकरू आणा, नाहीतर शाळेला कुलूप. शाळा गेली की मानधनावरची अल्का मॅडमही गेली. डी.एड. करून इतकी वर्षं लोकांच्या बांधीत धान रोवल्यावर कुठे ती खुर्ची मिळाली होती.

मास्तरीणच काऊन व्हायचं होतं, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, लेकरांची आवड. आवड कसली डोंबलाची! ती याच शाळेत तिसरीत असताना सुकराम गुरुजी दर शनिवारी माठ भरायच्या पाळ्या लावत. सगळ्यांची पाळी यायची. बौद्धांच्या पोरांच्या हाती मात्र झाडू. वर पुन्हा कौतुक, की व्हरांडा झाडावा तर अल्कानंच! एकदा ती सगळ्यांच्या आधी शाळेत गेली, बोरिंगवरून पाणी आणून माठ काठोकाठ भरला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी माठ पालथा केला, कुंदाबाईंच्या मुलीकडून राखेनं घासून घेतला, तिच्याकडूनच भरून घेतला आणि पाढे सुरू केले. त्यांनी दोन छड्या मारल्या असत्या तर परवडलं असतं.

त्या दिवशी तिनं ठरवलं, मास्तरीण व्हायचं, याच शाळेत, आणि गावातल्या झाडून साऱ्या पोरांना आपल्या हातचं पाणी पाजायचं. झालीही. रोज सकाळी माठ ती स्वतः भरायची. पोरं खेळून यायची आणि घटाघटा प्यायची. तेवढ्यानं तिचा दिवस गोड व्हायचा.

संध्याकाळी तिनं भावाला, बुद्धभूषणला गाठलं. गवंडीकामावरून येऊन तो अंगणात हातपाय धूत होता.

"दादा, बंटीचं नाव आपल्या शाळेत टाक ना. एका लेकरासाठी शाळा अडून राहिली."

"नाही."

"काऊन?"

"तुले माहीत नाही? म्याही त्याच शाळेत झाडू मारला. कान्वेंटात फिल्टरचा नळ आहे. लेकरू तोटी सोडते न पिते. पाणी कोणं भरलं, कोणी विचारत नाही."

"पण आता मी भरून राहिली ना! सगळे पोट्टे माझ्या हातचं पिऊन राहिले."

"तुले त्या शाळेचा बदला घ्याचा होता, थो तू घेतला. त्याच्यात माझा पोट्टा कायले देऊ?"

तिला भावाचा संताप आला. त्याचं म्हणणं पटलं, याचा त्याहून जास्त आला.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. बाकं, नकाशे, घंटा, सगळं ट्रॅक्टरमध्ये घालून शेजारच्या गावी नेलं. माठाला कोणी हात लावला नाही. तो अल्कानं डोक्यावर घेतला आणि घरी आणून ओसरीत ठेवला.

कॉन्व्हेंट उघडलं त्या सकाळी वहिनी शेतावर गेली होती. दादाला काही टाय बांधता येईना. अल्कानं बांधून दिला. मग बंटीची बाटली माठातल्या पाण्यानं भरली आणि त्याच्या गळ्यात अडकवली.

"आत्या, कोठचं पाणी?"

"माठातलं. पाय, कसं गार आहे!"

बंटी रागावला नाही. त्यानं झाकण उघडलं, बाटली अंगणातल्या पपईच्या बुडाशी पालथी केली आणि रिकामी तिच्यापुढे धरली.

"आमची मॅडम म्हणते, फिल्टरचंच पायजे."

दादा दारातच उभा होता. त्यानं मान खाली घातली. अल्कानं घरातल्या फिल्टरच्या पाण्याच्या कॅनची तोटी सोडली, बाटली भरली आणि पुन्हा बंटीच्या गळ्यात घातली. चौकात हॉर्न वाजला. बंटी पळत सुटला.

पपईच्या बुडाशी चिखल झाला होता. अल्कानं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि अंगण झाडायला घेतलं.