घासलेला दगड

"दगड घासायचं शहाणपण तुम्हाला शिकवलं कुणी?" भूगर्भशास्त्राच्या बाईंनी कपाळावर हात मारला आणि कुलूपवाला एकदा त्यांच्याकडे, एकदा दगडाकडे बघू लागला.

शिकवायला कशाला कोण हवं? जन्मभर गंजकी कुलपं चकचकीत करून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलेली. कॉलेजात दाखवायचा दगड असा काळाकुट्ट कसा न्यायचा? काल संध्याकाळी कानस घेऊन बसला आणि सगळी काळी साल उतरवून मोकळा झाला. आकाशातून येताना दगड वरून जळतो, ती सालच त्याची ओळख, हे या भल्या माणसाला कोण सांगणार!

दगड बायकोचा. लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत अंगणात आभाळातून पडलेला. लग्न झाल्यापासून ती हे सांगत आली आणि लग्न झाल्यापासून तो हसत आला. "हिच्या माहेरी सकाळी अंगणातल्या चांदण्या झाडून काढतात," असं चारचौघांत म्हणायचा मेला. आज दुपारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. दगड दाखवायचं आधीच ठरलं होतं, पण सकाळी इस्पितळातून त्याचा पाय निघेना. तिनं हट्टच धरला, "आत नेण्याआधी मला कळलं पाहिजे. मला काही होत नाही, लेक आहे इथे. तुम्ही जा."

"आता कापूनच बघावं लागेल," बाई म्हणाल्या. "कापू ना?"

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "कापा. पण जरा घाई करा हो."

घाईत दगड कापला जात नाही. करवत पाण्याच्या धारेखाली सावकाश फिरत राहिली, आणि इकडे याला दरदरून घाम. साधाच निघाला तर तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि खरा निघाला तर इतक्या वर्षांची थट्टा कुठे नेऊन पुरायची? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

बाईंनी काप पुसला, भिंगाखाली धरला. मग तोच काप उलटा करून पुन्हा पहिल्यापासून बघू लागल्या.

"बाई, जीव जायची वेळ आली माझी!"

"हे बघा, गोल गोल दाणे. सूर्याभोवती नुसती धूळ फिरत होती, पृथ्वी अजून व्हायची होती, तेव्हा वितळून थिजलेले थेंब आहेत हे. असल्याच दगडधोंड्यांची मोट बांधून पुढे पृथ्वी झाली. इथल्या दगडात असे दाणे सापडत नाहीत. हा वरचाच, काका. पृथ्वीपेक्षा जुना."

त्यानं फोन लावला. लेकीनं तो आईच्या कानाशी धरला.

"खरा आहे गं. आभाळातलाच. तू खरं सांगत होतीस, मीच गाढव."

ती हसल्यासारखी वाटली. "म्हणजे आता विश्वास बसला माझ्यावर?"

"बसला."

"मग हेही खरं माना. सकाळी मला काही होत नाही म्हणाले ना, ते खोटं होतं. मला फार भीती वाटतेय हो. न्यायला आलेत. तुम्ही या."

कुलूपवाला तसाच पळत सुटला.

"अहो काका, दगड!" बाई दारातून ओरडल्या. पण तो केव्हाच जिना उतरून रस्त्यावर पोचला होता.