तो आत आला का?

मित्रांनो, तुम्ही सगळे माझ्याकडे तोंड करून तासन् तास बसलेले आहात, पण मला कोणी पाहिलंय असं मला वाटत नाही. मी सिनेमाघरातला पडदा. वय झालं आता. आलो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो, हल्ली सायीच्या रंगावर गेलोय. खालच्या बाजूला, मध्याच्या जरासं डावीकडे, मला एक लांबट ठिगळ आहे. ठिगळाची खरं तर लाज वाटायला हवी. मला मात्र त्याचं भारी कौतुक आहे.

मी एका लांबलचक कारखान्यात तयार झालो. कापडाचे पट्टे एकमेकांना जोडून मला भिंतीएवढा केला आणि मग अंगभर बारीक बारीक भोकं पाडली. दचकू नका. आवाजाची पेटी माझ्या पाठीमागे असते, आणि आवाज त्या भोकांतून झिरपून तुमच्यापर्यंत येतो. भोकं नसती तर प्रत्येक हिरो तोंडावर उशी धरून बोलल्यासारखा वाटला असता.

मला इथे आणलं, लाकडी चौकटीत दोऱ्यांनी ताणून बांधलं आणि माझं काम सुरू झालं. पहिल्या खेळाला लोक म्हणाले, काय लख्ख दिसतंय. तेव्हा मी इतका ताठ झालो की कोपऱ्यातली एक दोरी तुटली.

एक गंमत सांगतो. इतकी वर्षं इथे उभा आहे, पण मी एकही सिनेमा पाहिलेला नाही. चित्र माझ्या तोंडावर पडतं, आणि स्वतःचं तोंड स्वतःला कसं दिसणार? मला दिसता तुम्ही. अंधारात, माझ्याच उजेडात उजळलेले तुमचे चेहरे. त्यावरून मी सिनेमा ओळखतो.

आमच्याकडे माणसं तीनच. मॅनेजर, वरच्या खोलीत यंत्र चालवणारा ऑपरेटर, आणि तिकिटं फाडणारे दारवाले काका. तिघंही जिवाला जीव देणारे, फक्त कामं पुढे ढकलण्यात एकाहून एक हुशार. चार वर्षांपूर्वी दिवा बदलताना शिडीचा पाय लागून मी खाली वीतभर फाटलो. मॅनेजरनी त्यावर चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "नंतर बघू." ते नंतर काही आलं नाही. मला झटकायचा मऊ ब्रशही हळूहळू कोळ्यांची जाळी काढायला जाऊ लागला.

अशात कुत्र्याचा सिनेमा आला. चित्रांचा, लहान-मोठ्या सगळ्यांसाठी. घर बदलताना सामानाच्या गडबडीत मागे राहिलेला एक कुत्रा आपल्या माणसांना शोधत निघतो, अशी काहीशी गोष्ट. ती मला मुलांच्या बडबडीतून कळली.

काय सांगू तुम्हाला, त्या आठवड्यासारखा आठवडा मी पाहिला नव्हता. तो कुत्रा मी पाहिलेला नाही, पण त्याची शेपटी मला पाठ आहे. ती हलली की तीनशे जोडी डोळे डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे. तो चिखलात घसरला की आधी पुढच्या रांगा हसायच्या, मग मधल्या, आणि आपण हसावं की नाही याचा विचार करून झाल्यावर मागच्या रांगेतले बाबा लोक. एक गृहस्थ एकटेच यायचे. पहिल्या दिवशी दारवाल्या काकांना म्हणाले, "जरा थंड हवेत बसायला आलोय." थंड हवेसाठी ते चार वेळा आले, आणि चारही वेळा ठरावीक जागी त्यांनी चष्मा पुसला. दोन कॉलेजच्या मुली हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. एक आजी नातवाला म्हणाल्या, "तू रडू नकोस हं," आणि त्याच्याच बाहीला डोळे पुसले.

सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा तो शेवटी. कुत्र्याला नवं घर सापडतं, पण बाहेर वादळ, दाराला आतून कडी आणि घरातले गाढ झोपलेले. कुत्रा दिसत नाही, फक्त बंद दार दिसतं आणि पलीकडून त्याचं भुंकणं येतं. त्या वेळी सगळं थिएटर कुजबुजायला लागायचं, "अरे उठा ना, उठा ना कोणीतरी."

शेवटून दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेत एक आई आणि तिची चार वर्षांची मुलगी बसली होती. मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि पाच मिनिटं तिच्याकडे पाहिलं की का ते कळायचं. हा तिचा आयुष्यातला पहिला सिनेमा. बंद दार आलं तशी ती खुर्चीच्या कडेला सरकली. बाकीचे कुजबुजत होते, तिने वाट पाहिली. कोणी उठत नाही म्हटल्यावर ती खुर्चीवरून उतरली, मधल्या वाटेने सरळ माझ्याकडे आली, माझ्या पायथ्याच्या पायऱ्या चढली आणि दाराची कडी काढायला माझ्यावर हात फिरवू लागली.

कडी तिच्या हाताला कुठून लागणार? हाताला लागली ती चिकटपट्टी. ती तिने धरली आणि दोन्ही पाय रोवून ओढली.

टर्रर्र.

मी वीतभराचा दोन हात फाटलो. खाली लोंबणारं कापड फडफडायला लागलं, ऑपरेटरने घाबरून यंत्र थांबवलं, दिवे लागले. मॅनेजर धावत आले आणि माझं सगळं अंगच खाली येईल म्हणून खेळ बंद करून टाकला. ज्यांचा शेवट राहिला त्यांना त्याच तिकिटावर उद्या दुपारी या म्हणून सांगितलं. भिंगरी आईच्या कडेवरून वळून वळून माझ्याकडे पाहत गेली. रडत नव्हती. तिला नुसतं काहीतरी विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आई तिला घेऊन माफी मागायला आली.

"माफीचं राहू द्या हो," आई म्हणाली तेव्हा तिचा आवाज थकलेला होता, "म्हणजे ती मागतेच मी. पण आधी हिला एवढं सांगा, तो कुत्रा आत आला की नाही. काल संध्याकाळपासून आमच्या घराचं दार लावू देत नाहीये. जेवली ती उंबऱ्यात बसून. झोपली तीही तिथेच, चपलांच्या शेजारी."

"आला ना," मॅनेजर लगेच म्हणाले. "मागच्या दाराने आला."

"खिडकीतून," त्याच वेळी दारवाले काका म्हणाले.

ऑपरेटर वरून खाली आला होता. तो म्हणाला, "मला वाटतं खणून येतो."

भिंगरीने तिघांकडे एकेकदा पाहिलं. "तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली.

आणि मित्रांनो, ते खरंच होतं. मॅनेजर शेवटच्या अर्ध्या तासात गल्ल्यावर असतात. दारवाले काका गर्दी होऊ नये म्हणून बाहेरची दारं उघडायला जातात. आणि ऑपरेटर शेवटचं रीळ लावलं की आधीचं गुंडाळत बसतो. आठ दिवस रोज चार खेळ दाखवले, आणि गोष्टीचा शेवट तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हता. मला तर नाहीच, शेवटाच्या आरडाओरड्यात कोणाची बडबड ऐकूच यायची नाही.

"आज दुपारी बघेल ती स्वतः," दारवाले काका म्हणाले.

"कशावर बघेल? याच्यावर?" मॅनेजरनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि दुपारच्या खेळानंतर सिनेमा दुसऱ्या गावाला चाललाय. गाडी येऊन उभी राहील."

"मग माझ्या बहिणीला बोलावतो."

काकांची बहीण तंबू आणि ताडपत्र्या शिवायची. सगळे तिला तंबूताई म्हणत. ती आली, तिने माझी फाटलेली कड दोन बोटांत धरली आणि भावाला म्हणाली, "चार वर्षांपूर्वी बोलावलं असतंस तर दहा मिनिटांचं काम होतं. आता धर इथे. आणि बडबडू नकोस." तीन तास ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढून दोरा दिसू नये म्हणून एकेक टाका आतून घेतला आणि पाठीमागून तंबूच्या जाड कापडाचं भक्कम ठिगळ लावलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे इतक्या जवळून, इतका वेळ पाहिलं. मी श्वास रोखून राहिलो.

दुपारचा खेळ खच्चून भरला. कालचे सगळे आले, शेवट राहिला म्हणून शेजाऱ्यांनाही घेऊन आले. तंबूताई आपलं काम नीट दिसतंय का बघायला कडेच्या खुर्चीत बसली. भिंगरी तिसऱ्या रांगेत होती, या वेळी आईच्या मांडीवर, आईचे दोन्ही हात तिच्या पोटाभोवती.

सिनेमा सुरू झाला. कुत्रा मोकळ्या मैदानात भुंकला आणि आवाज आला तो असा, जणू पेटाऱ्यात कोंडलाय.

"सर्दी झालीय याला," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळं थिएटर हसलं.

भिंगरी हसली नाही. "आई," ती म्हणाली, "तो कालपासून मागेच आहे. दाराच्या मागे."

तंबूताईने ते ऐकलं. आधी ती इकडे-तिकडे पाहत राहिली, मग तिच्या लक्षात आलं. आमच्याकडे आवाजाची पेटी उंचावर ठेवायला कधी वेळच मिळाला नाही, ती माझ्यामागे जमिनीवरच असते. तंबूवाल्या माणसाला एकच ठाऊक, ठिगळातून वारा-पाणी शिरता कामा नये. तिने नेमकी पेटीसमोरची माझी सगळी भोकं पक्की बुजवून टाकली होती.

मध्यंतरात ती दाभण घेऊन माझ्यामागे आली. मॅनेजर तिच्या मागोमाग.

"अहो ताई, आत्ताच शिवलात ना? आता भोकं काय पाडताय?"

"मीच बुजवली, मीच पाडते. तुम्ही बाजूला व्हा, उजेड अडतोय."

सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि ती पुढून झिरपणाऱ्या उजेडात एकेक भोक पाडू लागली. मला दुखलं का? टोचलं थोडं. पण प्रत्येक भोकाबरोबर कुत्र्याचा आवाज मोकळा होत होता आणि माझ्यासमोर भिंगरीचा चेहरा पालटत होता. "जवळ आला," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आणखी जवळ आला." मग शेजारच्या अनोळखी आजोबांचा हात धरून त्यांनाही सांगितलं. आजोबांनी पुढच्या रांगेला सांगितलं. कोणाला काही कळलं नव्हतं, पण सगळे सरसावून बसले.

बंद दार आलं. माझ्यामागे तंबूताईची शेवटची ओळ राहिली होती. पेटीतून वादळाचा आवाज येत होता आणि तिची दाभण भराभर चालली होती. थिएटर कुजबुजायला लागलं. भिंगरी उठायला गेली, आईने हात घट्ट केले. "थांब," आई म्हणाली, "मी पण बघतेय."

तंबूताईने शेवटचं भोक पाडलं. आणि भुंकणं आलं ते मोकळं, खणखणीत, पार शेवटच्या रांगेपर्यंत.

पुढे काय घडलं ते मला दिसलं नाही. मला दिसले तीनशे चेहरे, एकाच क्षणी उघडलेले. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या, एक पॉपकॉर्नचा पुडा थेट छताला. थंड हवेवाले गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्यामागे तंबूताई उलटं चित्र बघत, दाभण हातात तशीच धरून, एकटीच हसत होती. दारवाले काका या वेळी दारं उघडायला गेलेच नाहीत, त्यामुळे खेळ संपल्यावर माणसं बंद दारांपाशी खोळंबली, पण कोणी कुरकुरलं नाही.

भिंगरी गर्दीतून मॅनेजरांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मागच्या दाराने नाही," तिने त्यांना समजावलं. "त्यांचे आजोबा उठले. चष्मा नव्हता. त्यांना वाटलं मांजर आहे, म्हणून कडी काढली. मग तो आत आला आणि आजोबा पडले. मांजर एवढं जड नसतं."

"बरोबर आहे तुझं," मॅनेजर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावून आवाजाच्या पेटीसाठी उंच बैठक करून घेतली.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. माझ्याकडे काही भिरकावू नका, मला चिकट हात लावू नका, हे मी सांगतोच. पण खरी काळजी घ्यायची आहे ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या शेजारी बसलेलं धाकटं भावंड कधी घाबरून विचारेल, त्या कुत्र्याचं काय झालं. तेव्हा ते नुसतं चित्र आहे, असं म्हणून त्याला गप्प बसवू नका. ठाऊक असेल तर नीट, पहिल्यापासून सांगा. ठाऊक नसेल तर तेही कबूल करा, आणि त्याचा हात धरून शेवटपर्यंत बसा. मी इथेच आहे. मला तुम्ही दोघं दिसाल.