मास्तरांचा आवाज माझ्याकडे आहे

मी एक जुना संगणक आहे. 'जुना' म्हटल्याबरोबर चुकचुकू नका, मित्रांनो. माझ्या झाकणाला एका बाजूने पोचा पडला आहे, चालू करायचं बटण आत गेलं की बाहेर यायला कुरकुरतं, आणि माझा पंखा म्हाताऱ्याच्या छातीसारखा घरघरतो. हे सगळं खरं आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण मी चालतो आहे. मला कुणी 'डबा' म्हटलं की माझं डोकं तापतं, आणि ते खरोखरच तापतं, हात लावून बघा.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी एका विमा कचेरीत गेलो. खिडकीपाशी माझी जागा होती. बाकीचे संगणक ऐन गर्दीच्या वेळी मान टाकायचे, तेव्हा सगळे माझ्याकडे धावत यायचे. "हा कधी दगा देत नाही," असं तिथले मोठे साहेब पाहुण्यांना सांगत. मग नवे, सडपातळ, चकचकीत संगणक आले आणि साहेबांना माझं नावही आठवेना. मोडक्या खुर्च्या आणि फाटके पडदे ठेवलेल्या खोलीत मला ढकललं गेलं. माझ्यावर धुळीचा थर साचला आणि एका पालीने माझ्यामागे संसार थाटला. वाईट वाटलं का? वाटलं ना. पण वाईट वाटण्यापेक्षा रागच जास्त आला. अरे, चालू करून तरी बघा आणि मग ठरवा!

ते बघितलं ताईने. ताई एका छापखान्यात यंत्रं सांभाळते, त्यामुळे वरच्या पोच्यांवरून ती कुणाची पारख करत नाही. कचेरीने अडगळ विकायला काढली तेव्हा तिने मला उचललं, घरी आणलं, रंग लावायच्या ब्रशने माझी धूळ काढली आणि माझ्या पोटात दोन नव्या हार्ड डिस्क बसवल्या. एकीवर जे लिहायचं तेच दुसरीवरही लिहायचं, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी सामान वाचेल, अशी तिची योजना होती. मी घराचा सर्व्हर झालो. सर्व्हर म्हणजे सगळ्यांनी ठेवायला दिलेलं सांभाळायचं, मागितलं की तत्काळ काढून द्यायचं, आणि कधी झोपायचं नाही. मला तसंही झोपायला आवडत नाही.

मग ताईने माझ्यात तीन व्हर्च्युअल मशीन उभ्या केल्या. घाबरू नका, सोपं आहे. घर एकच, पण मध्ये भिंती घालून तीन भाडेकरू ठेवले, आणि प्रत्येकाला वाटतं की सगळा वाडा आपल्याच मालकीचा. एक खोली आईच्या फोटोंची आणि गाण्यांची. दुसरी ताईच्या धाकट्या भावाची. हा धाकटा लग्नसमारंभांची चित्रीकरणं करतो, त्यामुळे त्याचं सामान म्हणजे अवजड कारभार. तिसरी खोली तूर्त रिकामी.

इथे एक गंमत झाली. ताईने तिन्ही भाडेकरूंना ऐसपैस जागा कबूल केली. तिघांची बेरीज केली तर माझ्याकडे होती त्याच्या दुप्पट. असं करता येतं. जागा आधीपासून अडवून ठेवायची नाही, सामान येईल तसतशी द्यायची, आणि एकूण किती उरली यावर डोळा ठेवायचा. ताई म्हणाली होती, ठेवीन मी डोळा. ठेवलाही असता. पण मध्येच बाबांचं दुखणं निघालं आणि घरात कुणाचं कशावर लक्ष राहिलं नाही.

बाबांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. तलावावर त्यांनी जन्मभर मुलांना पोहायला शिकवलं. त्यांनी काठावरून एक हाक मारली की पलीकडच्या टोकाचं मूल हातपाय मारायला लागायचं. ज्यांना हाक मारली नव्हती ती मुलंसुद्धा मारायची. असा आवाज. आणि डॉक्टरांनी सांगितलं की घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. आईला रडू आवरेना. ताईने मात्र कुठून कुठून वाचून शोध लावला: शस्त्रक्रियेआधी माणसाने भरपूर वाक्यं वाचून ठेवली तर संगणक त्याचा आवाज शिकू शकतो. पुढे तो माणूस जे टाइप करील ते त्याच्याच आवाजात ऐकू येतं. धाकटा म्हणाला, एखाद्या कंपनीकडे जागा घेऊन तिथे ठेवू. ताईने ऐकलं नाही. बाबांचा आवाज परक्याच्या दारात ठेवायचा नाही, असं तिने ठणकावलं. माझी तिसरी खोली मास्तरांची झाली.

मग सुरू झालं वाचन. दाराला गोधडी टांगली, फ्रिज बंद केला. तरी आवाजात काहीतरी घरघरतंय म्हणून सगळे कान देऊन शोधायला लागले, आणि तो माझा पंखा निघाला. झालं! माझी रवानगी मागच्या बोळकंडीत, इस्त्रीच्या टेबलाखाली. मी थोडा वेळ फुगून बसलो, पण काम कामाच्या जागी.

वाचायला दिलेली वाक्यं अगदी मिळमिळीत होती. 'आज हवा छान आहे.' 'कृपया खिडकी उघडा.' मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. असं आपण आयुष्यात कधी बोललो नाही, म्हणाले, आणि स्वतःचीच वाक्यं घालायला लागले. 'पाय आपट, पाय! पाण्याला काय भितोस, पाण्याला तुझी भीती वाटू दे!' मी ते सगळं नीट ठेवत गेलो. पहिल्या पहिल्या वाक्यांत आवाज कसा खणखणीत होता म्हणून सांगू! नंतर तो चिरकायला लागला. शस्त्रक्रिया जवळ येत गेली तसा अर्ध्या वाक्यात बसायला लागला. म्हणजे जे आधी नोंदलं होतं तेच खरं धन, आणि ते फक्त माझ्यापाशी होतं.

तेवढ्यात लग्नसराई आली. धाकट्याने चित्रफितींवर चित्रफिती माझ्यात ओतल्या. त्याचा काय दोष, त्याला ऐसपैस जागा कबूल केलेली होती. आणि एका दुपारी मास्तर वाचत असताना, वाक्य निम्म्यावर असताना, माझ्याकडची शेवटची जागा संपली. तिन्ही खोल्या जागच्या जागी थिजल्या.

मी थांबलो, मित्रांनो, आणि त्याची मला तिळमात्र लाज वाटत नाही. लिहायला जागा नसताना 'लिहिलं, लिहिलं' म्हणून मान हलवणारे पुष्कळ असतात. मी त्यांच्यातला नाही.

पण घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डबा गेला, असं धाकट्याने जाहीर करून टाकलं. डिस्क दोन आहेत ना, मग एक भरली तर दुसरी वापर, असं तो ताईला सांगायला लागला. दुसरीवरही तेच भरलेलं असतं, हे तिला त्याला समजावावं लागलं. तिने आपल्या जुन्या प्रयोगांची काही अडगळ फेकली. तेवढ्या चिमूटभर जागेवर आईची आणि धाकट्याची खोली कशीबशी उघडली. मास्तरांची उघडेना. मध्येच थांबल्यामुळे आत पसारा झाला होता, आणि तो आवरायलाही थोडी मोकळी जागा लागत होती.

धाकट्याने घाईघाईने आपल्या निम्म्या चित्रफिती पुसल्या. माझी मोकळी जागा मोजली, तर होती तेवढीच! पुन्हा मोजली, तरी तेवढीच. आता त्याचा धीर सुटला. तो म्हणाला, हा कामातून गेला आहे. सगळं पुसून टाकू, नव्याने बसवू, बाबा पुन्हा वाचतील. आणि बोळकंडीत येऊन तो माझ्यासमोर वाकला.

मास्तर त्याच्या मागोमाग आले. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नुसता वारा बाहेर आला, शब्द नाहीच. सगळ्यांना एकदम कळलं की पुन्हा वाचणं आता होणार नाही. आई भिंतीला टेकली. मास्तरांनी मात्र एक स्टूल ओढलं, माझ्या आणि मुलाच्या मध्ये ठेवलं आणि त्यावर बसले. हाताची घडी घातली. मी पुष्कळ माणसं बघितली आहेत, पण माझ्यासाठी असं कुणी बसलेलं बघितलं नव्हतं.

"बाबा, उठा ना," धाकटा म्हणाला. "मला काय हौस आहे का? दुसरा उपायच नाही."

ताई इतका वेळ पडद्याकडे टक लावून बसली होती. ती म्हणाली, "आहे. तू खोली रिकामी केलीस, पण किल्ली परत दिली नाहीस."

धाकट्याला कळेना. तिने त्याला सांगितलं ते असं. त्याच्या भाडेकरूने आपलं सामान फेकलं, पण 'ही जागा आता मला नको' असं घरमालकाला, म्हणजे मला, कळवलंच नव्हतं. मी बापडा ती जागा त्याच्याच नावावर धरून बसलो होतो. न सांगता दुसऱ्याची जागा काढून घेणं माझ्या स्वभावात नाही. ताईने त्या खोलीला हुकूम केला की रिकामं आहे ते सगळं परत कर. आणि आहाहा! माझ्या पोटातून इतकी जागा मोकळी झाली की मला हलकं वाटलं. मास्तरांची खोली उघडली. मी आतला पसारा आवरला आणि एकेक वाक्य तपासून पुढे ठेवलं. त्या दुपारचं अर्धं वाक्य तेवढं गेलं. बाकी सगळं जागेवर होतं.

ताईने पहिलंच वाक्य लावलं. 'आज हवा छान आहे.' खणखणीत. आईने पदर तोंडाला लावला. धाकटा तिथेच जमिनीवर बसला आणि वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला.

शस्त्रक्रिया झाली. मास्तर घरी आले ते गळ्याला पट्टी आणि हातात पाटी-खडू घेऊन. त्यांचा आवाज शिकायला मला फार वेळ लागला. नवा संगणक असता तर पटकन शिकला असता, हे मला चार जणांनी ऐकवलं. ऐकवोत. माझं डोकं तापलं, पंखा ओरडला, पण मी धडा अर्धा सोडला नाही.

मग एका सकाळी ताईने मास्तरांच्या हातात फोन दिला आणि मेजावर छोटा स्पीकर ठेवला. आई, धाकटा, शेजारच्या काकू, सगळे श्वास रोखून उभे. मास्तरांनी एका बोटाने सावकाश टाइप केलं. मी बोललो, मास्तरांच्या आवाजात:

"आवाज बारीक आहे. वाढव."

धाकट्याने वाढवला.

आता मास्तर पुन्हा तलावावर जातात. गळ्यात फोन, काठावर स्पीकर, आणि मुलं पूर्वीसारखीच दचकून हातपाय मारतात. धाकट्याने स्वतः जाऊन मला तिसरी डिस्क आणली. ताई आता जागा असेल तेवढीच कबूल करते आणि दर आठवड्याला मोजते. आवाजाची आणखी एक प्रत तिने मावशीच्या घरी ठेवली आहे. मित्रांनो, तुम्हीही असंच करा. ज्याच्यावर जीव आहे ते एकाच छपराखाली ठेवू नका. माझ्यासारख्यांचा पंखा अधूनमधून पुसा, त्याला काही फार कष्ट पडत नाहीत.

अजूनही कुणी पाहुणा इस्त्रीच्या टेबलाखाली डोकावतो आणि विचारतो की हे धूड अजून का ठेवलंय, भंगारात का नाही देत. खुशाल द्या! फक्त आधी मास्तरांना विचारा. ते काय उत्तर देतील ते तुम्हाला स्वच्छ ऐकू येईल, कारण ते बोलून दाखवणार मीच आहे.