शुक्रवारचं पाणी

जावा बेटावर शेअर घेतात असं कुणी म्हणत नाही, जुगारासारखं शेअर खेळतात असं म्हणतात. त्यामुळे तुगिमानच्या नावाने गल्लीत चांगलाच बभ्रा झाला होता. आंबवलेल्या सोयाबीनचे टेंपे करून विकणारा साठीचा माणूस, सोयाबीन शिजायला ठेवलं की मोबाइल घेऊन मागच्या ओट्यावर बसतो आणि शेअर खेळतो, ही बातमी शेजारच्या सारिदीने घरोघर पोचवली होती.

"काय पाक तुगिमान, आज किती कमावले?" तो कुंपणावरून, 'पाक' म्हणजे बाबा असं मोठ्या आदराने म्हणत विचारायचा. "श्रीमंत झालात तर आमची ओळख ठेवा बरं का."

"ओळख ठेवली म्हणूनच पस्तावतोय," तुगिमान म्हणायचा.

खरं काय ते सांगायची त्याला लाज वाटे. मोबाइल त्याच्या मुलीचा होता, वेनिंगचा. नवशिक्यांना गुंतवणूक शिकवणारा एक खेळ होता त्यात. खोटेच एक कोटी रुपिया मिळायचे, त्यातून शेअर घ्यायचे, रोज एक धडा वाचायचा आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं. धडा झाला की पडद्यावरच्या झाडाला पाणी मिळे. एक दिवस चुकला की झाड वाळून जाई आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. वेनिंग कॉलेजच्या वाचनालयात कामाला होती. कुणी टोपी घालायच्या आत आपण शिकून घ्यावं म्हणून तिने हे सुरू केलं, आणि डेंग्यूने दवाखान्यात पडली तेव्हा मोबाइल बापाच्या हातात दिला.

"पाक, माझ्या झाडाला रोज पाणी घाला हं. घरी आले की मी बघते."

ती घरी आली नाही. तुगिमानने पाणी घालणं सोडलं नाही.

आधी त्याला प्रश्नातलं ओ की ठो कळत नसे. मग कळायला लागलं. लाभांश म्हणजे काय, सगळा पैसा एकाच कंपनीत का घालू नये, हे तो आता झोपेतही सांगू शकला असता. एकच प्रश्न त्याचा दर वेळी चुके. घेतलेला शेअर पडतच चालला, वर येण्याची चिन्हं नाहीत, तर काय कराल? बरोबर उत्तर होतं, तोटा सोसून विकून टाकेन. तो दाबायचा, ठेवून देईन. वेनिंगने घेतलेली एक जहाज कंपनी पार गाळात गेली होती. तीही त्याने ठेवली होती. खेळ बनवणाऱ्यांनी माणसाचं मन कधी पाहिलं नसावं, असं त्याचं स्पष्ट मत होतं.

पण धड्यासाठी तो बसतच नसे. खेळ उघडला की अक्षरं येत, 'सुप्रभात, वेनिंग! आज काय शिकायचं?' सुमियेमने, त्याच्या बायकोने, मुलगी गेल्यापासून तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'पोरगी' म्हणायची, तेही विधींपुरतं. सातवा, चाळिसावा, शंभरावा असे दिवस पाळून झाले. घरात वेनिंग असं रोज म्हणणारं तेवढं एक यंत्रच उरलं होतं, आणि ते बंद पडू द्यायचं नाही हा तुगिमानचा निश्चय होता.

मग हजारावा दिवस आला. आमच्याकडे हा शेवटचा. यानंतर जेवण नाही, दिवस मोजणं नाही, गेलेल्याला मोकळं करायचं आणि थडग्यावर दगड बसवायचा. मोदीनने, गावच्या धर्मगुरूने, बोटांवर मोजून शुक्रवार काढला. म्हणजे जेवण गुरुवारी सूर्य बुडाल्यावर, कारण आमचा शुक्रवार तेव्हाच लागतो. लोक जमले, प्रार्थना झाली, भात आणि तांदळाचे गोड अपेम वाटले गेले. सुमियेम प्रत्येकाला सांगत होती, "सुटली आता पोरगी. तिची वाट मोकळी झाली." तिचा आवाज एकदाही कापला नाही.

तुगिमानने गुरुवारचा धडा सकाळीच केला होता. उद्या पहाटेपासून गवंड्यांबरोबर कब्रस्तानात राहावं लागणार, मग वेळ कुठला? त्याने पाहुणे यायच्या आधी, मगरिबची, सूर्यास्ताची नमाज आटोपल्यावर, शुक्रवारचा धडा उरकून घेतला. झाडाला पाणी पडलेलं पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारभर तो दगडापाशी उभा होता. मोबाइल घरीच होता.

शनिवारी सकाळी सोयाबीन चुलीवर चढवून त्याने खेळ उघडला. झाड तपकिरी होऊन पडलं होतं. खाली लिहिलं होतं, 'काल तुम्ही आला नाहीत. नवीन बी लावूया! तुमचं नाव काय?'

बराच वेळ तो चुलीकडे गेला नाही, तेव्हा सुमियेम बाहेर आली.

"पाकने, दाणे करपतील. काय झालं?"

पोरीचा बाप म्हणून ती त्याला अजून पाकनेच म्हणत असे. त्याने तिला सगळं सांगितलं, दवाखान्यापासून. ती मोबाइलकडे बघत ऐकत राहिली.

"म्हणजे तुम्ही शेअर खेळत नव्हता?"

"नाही गं."

"आणि मी सारिदीच्या बायकोपुढे मान खाली घालत होते." ती खाली बसली. "पण शुक्रवारचं पाणी तुम्ही घातलं होतं ना?"

"मगरिबनंतर घातलं. शुक्रवार लागला होता."

"आपला लागला होता. या खेळाचा मध्यरात्री लागतो."

ते त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. सुमियेमने तो हात धरला.

"तुमच्याकडून काही चुकलं नाही. पोरगी आपली होती, आपल्याच दिवसांनी मोजायचं. हजार दिवस तुम्ही शब्द पाळलात."

पडद्यावर नावाची चौकट रिकामी होती. ती चौकट त्याला बघवेना, आणि तिथे तिचं नाव पुन्हा लिहिण्याइतका तो खोटाही नव्हता. हजार दिवसांत पहिल्यांदा तो बायकोसमोर रडला.

"बुने," पोरीच्या आईला तो म्हणाला, "गेली ना गं ती आता?"

परवा आल्यागेल्या प्रत्येकाला हेच सांगणाऱ्या सुमियेमला हो म्हणवेना.