पाण्यात उतरण्याआधी

ती पाण्यात उतरली.

छे. इतकं सरळ झालं असतं तर सांगायचं काय होतं? आधी बसचे हिसके, मग त्या जुन्या डोंगरगावाच्या पिढ्यान्‌पिढ्या झिजलेल्या दगडी पायऱ्या. बाई लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करणारी. पायरी दिसली की तिच्याआधी तिचे गुडघे कुरकुरायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेजारणीने तेल दिलं, नवऱ्याने ‘वय झालं’ एवढं दिलं. गावाच्या वरच्या अंगाला गरम पाण्याचे झरे आहेत, त्यात बसलं की सांधे सैल होतात, असं ऐकल्यापासून तिने ध्यास घेतला होता. मालकाने कुरबूर करत सुट्टी दिली ती एकच दिवस.

पुन्हा सांगते.

ती पाण्यात उतरणार, तोच नवरा म्हणाला, जरा थांब.

नवरा नळदुरुस्ती करणारा. झऱ्यावर खोल्या बांधलेल्या, प्रत्येक खोलीत दगडी हौद. कढत पाणी झऱ्यातून आपलं आपण वाहत यायचं, त्यात तोटीतून गार मिसळायचं. ती गार पाण्याची तोटी टपकत होती. झालं. तिथली राखणदारीण म्हणाली, असू द्या, आमची तोटी कायमच रडकी आहे. पण याच्या पिशवीत टॉवेल नव्हता, पाना होता.

“फिरायला येताना पाना कोण आणतं?”

“तू नाही का ऊन असताना छत्री आणत?”

त्याने पाना लावला, जोर दिला. तोटी अख्खी हातात आली. गार पाण्याचा फवारा थेट भिंतीवर. त्याने धावत जाऊन मुख्य नळ बंद केला, आणि मग सगळ्याच खोल्यांमध्ये नुसतं कढत पाणी उरलं. शेजारपाजारचे लोक लालबुंद होऊन, टॉवेल सावरत बाहेर आले. राखणदारिणीने त्याच्या सात पिढ्यांची आपुलकीने चौकशी केली.

तो खाली मान घालून पाइपाशी बसला. “अगं, इथे अंगठा दाबून धर, मी दोरा गुंडाळतो.”

आयुष्यभर तिने धरला होता. स्वयंपाकघरात, न्हाणीत, एकदा तर लग्नाच्या साडीत, माहेरच्या मोरीपाशी.

ती बाहेर निघून गेली.

तर.

हौदांचं जास्तीचं पाणी एका दगडी पन्हळीतून उतारावर वाहत होतं. ती कडेकडेने खाली चालत गेली, इस्त्रीला लावावं तसं बोट लावत. कढत. कढत. चटका. मग सोसवेल असं. पाय सोडले, तर पाणी जेमतेम घोट्याला. गुडघे वर, कोरडे ठणठणीत. नळवाल्याची बायको ती, पाणी कसं अडवायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती कपड्यांसकट पन्हळीत बसली. उताराकडे पाठ, पाय वरच्या अंगाला लांब. पाणी पोटाशी तुंबलं, मांड्यांवर आलं, हळूहळू गुडघ्यांवर चढलं.

बऱ्याच वेळाने नवरा शोधत आला. लोक बघतायत म्हणाला. शेवटची बस निघेल म्हणाला.

“तोटी बसली?”

“नाही अजून.”

“मग जा, बसवा.”

तो उभाच राहिला. खालून बसचा हॉर्न आला. ती हलली नाही. गुडघ्यांना मात्र अजून काहीच फरक नव्हता.