पोर्टलवरचा रस्ता

पवनीच्या एका सरकारी कार्यालयात मी कर्मचाऱ्यांच्या दौऱ्यांचे अर्ज बघतो. पूर्वी अर्ज कागदावर यायचे. कोणत्या रस्त्याने जायचं ते मी पेनाने लिहायचो, साहेब सही करायचे. आता पोर्टल स्वतःच रस्ता धरतं आणि अंतर बघून गाडी द्यायची की नाही ते ठरवतं.

कामिनी आमच्याकडे आरोग्यसेविका आहे. तिला नदीपलीकडच्या गावी लसीकरणाला जायचं होतं. ती मोबाईल घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, हे मले गाडी नाही देऊन राहिलं. गाव जवळ आहे म्हणते, स्कूटीनं जा."

मी पाहिलं. पोर्टलने सरळ रस्ता धरला होता. धरणाचं पाणी चढलं तेव्हाच तो बुडाला. आता मोठा वळसा पडतो, आणि लसीचा डबा घेऊन तेवढं स्कूटीवर जमत नाही.

"या रस्त्यानं तुले डोंगा लागन," मी म्हणालो.

"मंग डोंग्याचीच मंजुरी टाका."

धनंजय साहेब ऐकत होते. "रस्ता चुकीचा आहे असं कळवा," ते म्हणाले. "पोर्टलवाले तिथला जुना नकाशाच काढून टाकतील. गाडी आपोआप मिळेल."

"उद्या कळवतो."

"लसीकरण उद्याच आहे, तेजरामजी."

तो रस्ता तुळसाच्या माहेरावरून जायचा. तुळसा माझी बायको. मागच्या उन्हाळ्यात ती वारली. तिचं गाव त्याआधीच धरणापायी उठलं होतं. मोबाईलच्या नकाशात तिथे नुसतं पाणी दिसतं. पोर्टलवर मात्र रस्ता होता, शाळा होती, तिच्या घराकडचं वळण होतं. काम नसलं की मी ते उघडून बघायचो. हे कोणाला माहीत नव्हतं.

कामिनी उभीच होती. "कायले थांबले? साईट बंद आहे का?"

"नाही. चालू आहे."

मी लिहिलं, हा रस्ता आता नाही. पाठवून दिलं.

दुपारनंतर पोर्टलवर लांबचा रस्ता आला आणि गाडी मंजूर झाली. मी जुन्या जागी जाऊन पाहिलं. तिथेही पाणी होतं.

सकाळी ड्रायव्हर बाबूलाल चावी घ्यायला आला.

"कोन्या रस्त्यानं जायचं, भाऊ?"

"लांबच्या. दुसरा रस्ता नाही."