वापरून झालेलं

भंगाराचा ट्रक रिकामा झाला की भागवत लांबूनच सांगायचा: हा शहागडच्या हायवेवरच्या ट्रकचा पाटा, ही बंद पडलेल्या गुऱ्हाळाची काहील, हे कुणाच्या तरी आईचं घमेलं, बूड गेलंय बिचाऱ्याचं. जालन्याच्या त्या स्टील कारखान्यात पस्तीस वर्षं त्यानं एवढंच केलं होतं. ढिगापाशी उभं राहायचं आणि भट्टीत जाण्याआधी लोखंड निवडायचं. बाकीच्यांना तिथं नुसता गंज दिसायचा. ह्या बाबाला गावं दिसायची.

म्हणून तर मोना त्याच्याकडं आली. मोना मालकांची, अमृतलाल शेठजींची नात. पुण्याला शिकून आली होती आणि कारखान्यामुळं किती कार्बन हवेत जातो ते मोजत होती. वीज झाली, डिझेल झालं. गाडी अडली ती भंगारापाशी.

"भागवतकाका, खाणीतून नवं काढण्यापेक्षा जुनं वितळवलं की धूर कितीतरी कमी होतो," ती म्हणाली. "पण ते दाखवावं लागतं. लोकांनी वापरून झालेलं किती, कारखान्यातली कोरी कात्रण किती, आणि आलं किती किलोमीटरवरून. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"हात्तिच्या! एवढंच व्हय? लिहा तुम्ही, मी सांगतो."

आणि काय सांगितलं म्हणता! दोन दिवस नुसती बरसात. फाळ दिसला की नांगरटीचे दिवस, काहील दिसली की ताज्या गुळाचा वास आणि भाजलेली जीभ. मोनाला पाहिजे होते किलोमीटर, हा देत होता अख्खं बालपण. पण पोरगी गुणाची. हसत हसत ऐकायची आणि त्यातलं कामाचं तेवढं वहीत उतरवायची.

तिसऱ्या दिवशी ती वजनकाट्याच्या खोलीमागं गेली. तिथं पोत्याखाली, दोन्हीकडं विटांवर आस टेकवून, एक लोखंडी चाक उभं होतं. यार्डातल्या सगळ्या लोखंडाला गंज, आणि ह्याचा आस मात्र तेलानं चमकतोय.

"काका, हे कुठल्या ढिगातलं?"

भागवतच्या तोंडचं पाणी पळालं.

"ते... मोटेचं चाक हाय, ताई. ते नका लिहू."

"यार्डातलं सगळं लिहावं लागतं. आणि लिहिलं की भट्टीत जाणार. वापरून झालेलं, बरोबर?"

"वापरून कुठं झालंय?" भागवत एकदम तडकला. "फिरवून बघा की! अजून कसं बिलकुल सरळ फिरतंय!"

मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. तो पोत्यावर बसला आणि सांगू लागला.

चाक तीर्थपुरीचं, त्याच्या बापाच्या विहिरीवरचं. पहाटे बाप मोट हाकायचा, चाक कुईऽ कुईऽ करायचं, आणि त्या आवाजावर आई चूल पेटवायची. भागवत सगळ्यात धाकटा. त्याच्याकडं एकच काम, आसाला एरंडाचं तेल द्यायचं. जास्त तेल पडलं की चाक मुकं व्हायचं, मग बाप ओरडायचा, "अरे, गाऊ दे की त्याला!" पुढं इंजिन आलं, मोट गेली, बापही गेला. चाक थोरल्या भावाकडं, अण्णासाहेबाकडं राहिलं. आणि अकरा वर्षांमागं तेच चाक ह्या यार्डात ट्रकमधून धाडकन पडलं.

"अण्णानं भंगारात घातलं, ताई. बापाचं चाक! मला एका शब्दानं इचारलं न्हाई. तेव्हापासून घरी गेलो न्हाई मी. फक्त पुतण्याच्या लग्नात गेल्तो, तेबी अक्षता टाकल्या अन् माघारी आलो."

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"काय इचारायचं? हे बघा, आऱ्याला जोड. मोडला तेव्हा लोहारानं पट्टी मारली, मी सोता बघितलंय."

मोनानं आऱ्यावरची पट्टी बोटानं चाचपली. मग म्हणाली, "काका, माझ्या वहीत ऐकीव चालत नाही. कुठून आलं ते खात्रीनं लिहावं लागतं. फोन लावा."

भागवतनं नाही नाही म्हणत लावला. पलीकडून अण्णाचा आवाज आला. केवढा म्हातारा झाला होता तो आवाज!

"अण्णा, मी भागवत. आपलं... मोटेचं चाक कुठंय?"

"कुठं असणार? इथंच हाय, माळवदावर. कडब्याच्या पेंढ्या वर ओढून राह्यलोत त्याच्यावर. का रं?"

"आऱ्याला जोड हाय त्याच्या?"

"हाय की. त्या साली लोहारानं गावातली पाच-सहा चाकं तशीच जोडली होती, येड्या. आठवत न्हाई?"

भागवतला आठवत नव्हतं. साऱ्या जालन्याचं लोखंड ओळखणारा माणूस घरचंच ओळखायला चुकला होता. आणि त्या एका चुकीपायी त्यानं थोरल्या भावाची अकरा वर्षं घालवली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भागवत, हायस का?" अण्णा विचारत होता. "चाक लई कुरकुर करतंय बघ. पोरांना तेल द्या म्हणलं तर भसाभसा ओततात, मंग आवाजच जातो. तुझ्यासारखं कुणाला जमत न्हाई. माझं काही चुकलं आसंल तर सोड, पण येऊन जा एकदा."

"तुझं काय बी चुकलं न्हाई, अण्णा," भागवत म्हणाला. त्यानं फोन कसाबसा खिशात घातला.

मोनानं वही मिटली. "राहू द्या काका, आज नको लिहायला."

"लिहा ताई. तीर्थपुरीच्या रकान्यात नका लिहू. दुसऱ्या कुणाचं हाय, गाव म्हाईत न्हाई." त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. "वजन करायला सांगा. पण भट्टीत नका घालू इतक्यात. त्या घरातलं कुणी हुडकत आलं तर?"

"मग हे वापरून झालेलं लिहू की नको?"

भागवतनं चाकाला एक टिचकी मारली. ते एक फेरा फिरलं, अजिबात आवाज न करता. अकरा वर्षं त्यानं जरा जास्तच तेल घातलं होतं.

"थांबा," तो उठत म्हणाला. "तीर्थपुरीला जायला अंबडची गाडी किती वाजता हाय, ते आधी बघा."